टेम्पो रिकामा परत गेला

"जा की. दुसऱ्या दिवशी टेम्पो घिऊन आणाय यायला लागणार, तेवढं आत्ताच सांगून ठिवतो," असं नवरा म्हणाला आणि माझं जायचं तिथंच पक्कं झालं. तोवर खरं तर मी डळमळत होते.

शिवाजी पेठेत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. जन्म मशीनवर बसून गेला, गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलं. आधी रंकाळ्याला चक्कर, मग पन्हाळा. पन्हाळ्याचा चढ न उतरता चढले त्या दिवशी डोक्यात किडा शिरला: चंदगडपर्यंत जायचं, एकटीनं, तंबू घेऊन. कॅरिअरच्या पिशव्या मी ताडपत्रीच्या शिवल्या, दुहेरी टीप घालून. तंबू भाच्याचा आणला.

नवरा वाईट नाही हो. पण दर वर्षी तालमीतल्या दोस्तांबरोबर गोव्याला जातो, तेव्हा "तुम्हाला आणाय कोण येणार?" असं मी कधी विचारलं नाही. खरं तर विचारायला पाहिजे होतं, कारण येताना त्याला धरूनच उतरवावं लागतं!

टेम्पोतून येण्याचा अर्थ मला चांगला ठाऊक होता. एकदा सायकलसकट पेठेत उतरले, की झालं. माहेरी एकटी जाते म्हटलं तरी 'मागं आणाय यायला लागलंतं' हे मरेपर्यंत ऐकायचं. गुडघ्याचं काय व्हायचं ते होऊ दे, परत यायचं ते पायडल मारतच, असं ठरवून मी निघाले.

गारगोटीच्या रस्त्याला ऊसतोडीचा हंगाम जोरात होता. चढाला उसानं खच्चून भरलेला ट्रॅक्टर इतका हळू चालला होता, की मी त्याला गाठलं. ड्रायव्हर गाणी बंद करून ओरडला, "मावशी, धरा की ट्रॉलीला! कशाला जिवाला तरास?" मी म्हटलं, "तूच धर माझ्या कॅरिअरला," आणि पुढं निघून गेले. वर पोचेस्तोवर छाती फुटायची बाकी होती, पण मागं वळून बघितलं नाही. ती रात्र आजऱ्याच्या अलीकडं देवळाच्या आवारात काढली. तंबूत मांडी घालून पोहे खाल्ले आणि गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी मात्र घोळ झाला. चंदगड तालुक्यात एका वाडीशी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. भात कापून झालेली खाचरं मोकळी पडली होती, बांधावर काजू मोहरले होते. जागा इतकी छान की सायकलवरून उतरल्यावर मला आनंदानं हसूच आलं. शेजारच्या घरी म्हातारा-म्हातारी होती. खाचरात तंबू टाकू का, म्हणून विचारलं, फोन चार्जिंगला त्यांच्या पुढच्या सोप्यात, पडवीत लावला आणि विहिरीवर पाणी आणायला गेले. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला आणि म्हाताऱ्यानं उचलला.

मी कळशी घेऊन आले तर हे चाललेलं, "पावणं, राग मानू नगा, पर बाईमाणूस सायकलीला बोचकी बांधून घर सोडतंय, म्हंजी कायतरी घडलंय. हात उचललासा काय? पिऊन येतासा काय? बरं, जाऊ दे. सकाळी या आन् सन्मानानं घिऊन जावा. तवर आमच्यात लेकीगत हाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अवो आबा, मी रुसून न्हाई आलो! फिराय आलोय!"

"सगळ्याच आसं म्हणत्यात," म्हातारी शांतपणे म्हणाली. "अक्का, पहिल्यांदा जेव."

मी फोन हिसकावून घेतला, तर पलीकडं नवरा भडकलेला. "कोण म्हातारा तो? मला दारुड्या म्हणतोय! पत्ता घेतलाय मी. सकाळी येतो टेम्पो घिऊन." आणि फोन बंद.

रडू आलं मला, रागाचं. सगळा चढ अंगावर घेतला आणि शेवटी टेम्पो येणारच! पहाटेच निघून जावं असं मनात आलं. पण पळू कशाला? चोरी केली होती काय?

तंबूवरून पुन्हा वाद झाला. दारातली पावणी शेतात झोपली तर वाडीत तोंड कसं दाखवायचं, असं म्हातारीचं म्हणणं. मी ऐकेना, ती ऐकेना. शेवटी मी खाचरात तंबू ठोकला आणि तिनं माझ्यावर नजर ठेवायला सोप्यात, तंबूकडं तोंड करून आपलं अंथरूण टाकलं.

सकाळी तंबू दवानं निथळत होता. मी सायकलच्या साखळीला तेल देत बसले होते, तर म्हातारी आली. "बघू तरी आत कसं लागतंय," म्हणत वाकून तंबूत शिरली आणि दाराची चेन ओढून घेतली. थोड्या वेळानं म्हाताऱ्यानं घरातून हाक मारली, "अगं, च्या टाक की!" आतून आवाज आला, "मी न्हाई हितं!" म्हातारा बाहेर येऊन बघतच राहिला. मग स्वतःच चूल पेटवायला गेला.

टेम्पो आला तेव्हा म्हातारी तंबूतच होती. म्हाताऱ्यानं नवऱ्याला घोंगड्यावर बसवलं, स्वतः केलेला कडू च्या पाजला आणि बायकोला कसं वागवावं ते मन लावून सांगितलं. नवरा मान खाली घालून हूं हूं करत होता. मला इतकं हसू येत होतं, की मी पलीकडं तोंड करून पिशव्या बांधल्या.

मग तो माझ्याजवळ आला. "चल, चढव सायकल. पाय सुजलाय तुझा, दिसतोय मला."

"सुजलाय तर सुजलाय. अहो, माझा पाय हाय तो. मी दमून फोन केलता का तुम्हाला?"

"लोक काय म्हणतील? रिकामा टेम्पो घिऊन जाऊ व्हय?"

"मी बोलावलाच न्हाई, तर तो भरून न्यायचा कशाला?"

म्हातारी तंबूतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "न्हाई म्हणतीया न्हवं ती? मग?"

तंबू गुंडाळून मी चंदगडकडं निघाले, तर चढावर टेम्पो बराच वेळ माझ्या मागंपुढं रांगत होता. शेवटी मी थांबले आणि म्हटलं, "घरी जावा. धूर नाकात जातोय." त्यानं पाण्याची बाटली दिली, टेम्पो वळवला आणि गेला.

चंदगड बघून, वाटेत मुक्काम करत मी परत पेठेत शिरले, तेव्हा तालमीचा कट्टा गच्च भरला होता, नवराही तिथंच बसला होता. टेम्पो रिकामा आलेला सगळ्यांनी बघितला होता. कट्ट्यावरून कुणीतरी हसत नवऱ्याला विचारलं, "काय रं, आणलंस काय वैनीस्नी?"

नवरा उठून उभा राहिला. "आणाय गेलतो," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आली न्हाई. आता आलीया बघा, तिची ती."

मी सायकलवरून उतरले नाही. घराच्या दारापर्यंत पायडल मारतच गेले.