बारावं मिनिट

माझी आत्या एकवीस वर्षं नावा चढवायची आणि उतरवायची.

वरचा कालवा आणि खालची नदी यांच्या पाण्यात दोन पुरुष उंचीचा फरक होता. नाव काही जिना चढत नाही, म्हणून मध्ये एक लांबट दगडी हौद बांधलेला, दोन्ही टोकांना जाडजूड लाकडी दारं. नदीतून नाव आत आली की खालची दारं लावायची आणि वरच्या दारांतल्या झडपा उचलायच्या. कालव्याचं पाणी हौदात शिरायचं, त्याबरोबर नाव वर यायची. पाणी सारखं झालं की वरची दारं उघडून तिला वाटेला लावायचं. उतरायचं असेल तर सगळं उलट. कागदोपत्री या बांधकामाला काहीतरी भारदस्त नाव होतं, आम्ही सगळे हौदच म्हणायचो.

काम खरं तर आतोबांचं. त्यांच्या पाठीनं दगा दिला, तेव्हा कालव्याच्या कचेरीनं आत्याला सांगितलं, “दुसरा माणूस मिळेपर्यंत तुम्ही बघा.” माणूस मिळाला नाही. कुणी शोधलाच नसावा. आत्या दाराच्या लांब दांड्याला पाठ लावून, टाचा दगडात रोवून मागे मागे सरकायची, तेव्हा नावाडी आधी हसले आणि मग हसायचे थांबले.

हौद भरायला अकरा मिनिटं लागत. तेवढ्या वेळात आत्याच्या विणकामाच्या सोळा ओळी व्हायच्या. एका हिवाळ्यात तिच्या लक्षात आलं की सतरा होतायत. आधी तिला वाटलं, आपला हात चालायला लागला. मग तिनं हौदाकाठच्या केबिनमधलं घड्याळ समोर आणून ठेवलं. बारा मिनिटं.

“एका मिनिटानं काय बिघडतं?” आतोबा म्हणाले.

“बिघडत काहीच नाही. पण ते पाणी जातं कुठं?”

“नदीत जात असेल. पाणी आणखी कुठं जाणार?”

आत्याला हे उत्तर पटलं नाही. तिनं साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणजे कालव्याचे तरुण इंजिनीअर, सायकलवरून यायचे. त्यांनी वाकून पाहिलं आणि सांगितलं, “खालची दारं गळतायत, आत्या.” (माझ्यामुळे सगळा कालवा तिला आत्याच म्हणायचा.) फळ्या बदलल्या, फटी बुजवल्या, दारं अशी घट्ट बसली की टाचणी जाऊ नये. तरी बारा मिनिटं.

“आता हवामान असेल,” साहेब म्हणाले.

“हवामान,” आत्या म्हणाली. ती असं एकाच शब्दात बोलली की आतोबा स्वतःच चहा टाकायचे.

सुट्टीच्या दिवशी नावा बंद असत. आत्यानं हौद काठोकाठ भरला, सगळ्या झडपा पाडल्या, भिंतीवर खडूनं रेघ मारली आणि स्टूल टाकून बसली. पाणी उतरायला लागलं. दगडांचा एक थर उघडा पडला, मग दुसरा. दुपारी पाचवा थर दिसला आणि पाणी थांबलं. संध्याकाळपर्यंत तसूभर हललं नाही.

ती धावत घरात आली. “दारं नाहीत! दारं गळत असती तर सगळा हौद रिकामा झाला असता. पाणी पाचव्या थराशी थांबतं. भोक तिथंच आहे, भिंतीत!”

आतोबा उशीला टेकून बसले होते. त्यांनी पेपर खाली ठेवला. “भिंतीपलीकडे तर रस्ता आहे,” ते म्हणाले. त्यांनाही आता चैन पडेना.

पुढच्या सुट्टीला हौद पुन्हा भरून ती होडीत बसली. एका लांब काठीला लोकरीचा धागा बांधून तो पाण्याखाली, पाचव्या थराच्या सांध्यासांध्यावरून फिरवत गेली. धागा नुसता डोलत होता. वरच्या दारापासून दहा पावलांवर तो एकदम ताठ झाला आणि दोन दगडांच्या मध्ये शिरला. आत्या सांगायची, “कुणीतरी पलीकडून ओढल्यासारखं वाटलं गं. अंगावर काटाच आला.”

जातं कुठून, हे कळलं. जातं कुठं, हे राहिलं. रस्त्यापलीकडच्या लाँड्रीतून तिनं नीळ आणली, बादलीत कालवली आणि त्या सांध्याशी सोडली. मग नदीकाठी जाऊन पाण्याकडे बघत उभी राहिली.

नदी काही निळी झाली नाही. आरडाओरडा मात्र रस्त्यावरून ऐकू आला.

हौदासमोर उतारावर एक बेकरी होती, तिला लागून ती लाँड्री. बेकरीच्या तळघरात सहा वर्षं ओल येत होती, पिठाची पोती खराब होत होती. बेकरीवाल्याचं ठाम मत होतं की लाँड्रीची मोरी फुटलीय. लाँड्रीवाला म्हणे, माझी मोरी ठणठणीत आहे. सहा वर्षं दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. आणि आज तळघराच्या भिंतीतून चक्क निळं पाणी झिरपत होतं.

“नीळ! आता बोल!” बेकरीवाला पिठानं माखलेले हात नाचवत ओरडत होता. “आणखी काय पुरावा पाहिजे?”

लाँड्रीवाला बिचारा आपल्याच बादल्यांकडे संशयानं बघत होता.

आत्या मध्ये पडली. “नीळ मी ओतली. हौदात.”

“तुम्ही त्याची बाजू घेऊ नका, आत्या!”

“बाजू कसली घेते? थांबा, दोघंही इथंच थांबा. लाँड्रीत लाल रंग असतो का?”

“लाल? लाल रंग लाँड्रीत आला तर माझा धंदा बसेल,” लाँड्रीवाला म्हणाला.

नावांच्या नोंदवहीसाठीच्या लाल शाईची पूड केबिनमध्ये पडून होती, पाण्यात विरघळणारी. हौद पुन्हा भरला. दोघांना तळघरात उभं करून आत्यानं पूड कालवून ओतली. सव्वीस मिनिटांनी भिंतीतून पहिला लाल ओघळ आला. बेकरीवाल्यानं तो बोटावर घेऊन पाहिला. मग लाँड्रीवाल्याकडे वळून म्हणाला, “एवढी वर्षं मी तुला काय काय बोललो.”

“सगळं ऐकू यायचं,” लाँड्रीवाला म्हणाला. “भिंत पातळ आहे.”

साहेबांनी जुने नकाशे काढायला लावले. रस्त्याखालून, तळघराच्या मागून नदीकडे जाणारं विटांचं एक गटार होतं. ते कधीच विसरलं गेलं होतं आणि त्यावर मातीचे थर चढले होते. हौदाचं पाणी त्यात उतरत होतं, आणि नदीकडचं तोंड बुजल्यामुळे तळघराच्या भिंतीतून झिरपत होतं. साहेब कान चोळत म्हणाले, “हवामान नव्हतं तर.” एवढं कबूल करायलाही माणूस मोठा लागतो, असं आत्याचं म्हणणं.

दुरुस्तीसाठी हौद पूर्ण कोरडा केला. गवंडी यायच्या आधी आत्या शिडीनं तळाशी उतरली. इतकी वर्षं तिनं तो हौद फक्त वरून पाहिला होता. तळाशी चिखलात चमचे होते, एक बूट, चष्म्याची काडी, नावेच्या कुठल्याशा घंटेची जीभ. त्यांकडे तिनं फारसं पाहिलं नाही. ती भिंतीला हात लावून वर बघत राहिली. मी काठावर उभी होते, मला ती एवढीशी दिसत होती.

“काय बघतेस?” मी ओरडून विचारलं.

“आपण नावा केवढ्या वर उचलतो, ते,” ती म्हणाली. “वरून कळतच नव्हतं गं!”

मग तिनं आतोबांनाही खाली आणायचा हट्ट धरला. शिडी त्यांना झेपणार नव्हती. दोन गवंड्यांनी त्यांना झोळीत बसवून दोरानं सोडलं, आणि दोघं नवरा-बायको हौदाच्या तळाशी अर्धा तास गप्पा मारत हिंडले. काय बोलले, कुणाला कळलं नाही.

भिंत सांधली, पाणी सोडलं. अकरा मिनिटं. बेकरीचं तळघर उन्हाळ्यापर्यंत वाळलं.

त्यानंतर आठवड्याभरात कालव्याच्या वरच्या अंगाच्या हौदावरून तिथल्या राखणदाराचा निरोप आला: आमच्याकडे रिकाम्या हौदातलं पाणी आपोआप वाढतं, कुणाला कारण सापडत नाही.

“वाढतं?” आत्या म्हणाली, आणि लोकरीचा गुंडा पिशवीत टाकून चपला शोधायला लागली.