दिवेलाच्या वासाची सॅक

आमचं बडोदं इतकं सपाट आहे की चढ म्हटला की लोकांना उड्डाणपूल आठवतो. मांडवीत चिवडा आणायला गेला तरी स्कूटर थेट दुकानाच्या पायरीला टेकवणाऱ्या माणसाशी मी लग्न केलं, तेव्हा मला डोंगरांचं वेड लागायचं होतं. ते लागलं चाळिशीत. मग दरवर्षी मे महिन्यात मी एका गटाबरोबर हिमालयात जाऊ लागले. परत आले की फोटो दाखवायचे, आणि नवरा "सरस, सरस" म्हणत पुन्हा आंब्याच्या कोयीकडे वळायचा.

मला राग यायचा. राग कसला, वाईटच वाटायचं. खिंडीत पोचलं की पलीकडची बर्फाची रांग एकदम समोर येते. त्या क्षणी माझ्या शेजारी दरवेळी कुणीतरी परका माणूस धापा टाकत उभा असायचा, आणि मला तिथे हा हवा असायचा.

शेवटी गेल्या वर्षी करार झाला. त्याने एकदा माझ्याबरोबर यायचं. खिंड गाठली तर दरवर्षी दोघांनी जायचं. नाही गाठली, तर घरात डोंगराचं नाव काढायचं नाही आणि अख्खा मे महिना पंख्याखाली आमरस-पुरी खायची.

"डन," तो म्हणाला. "पण एवढं ऊंचं जायचंच शा माटे, ते मला अजून समजलं नाही."

फतेगंजात आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. रोज सकाळी सॅकमध्ये दहा किलो वजन घेऊन पाच वेळा जिना चढायचा, असा मी त्याला नेम घालून दिला. वजन म्हणून काय घ्यायचं? नुकतंच वर्षाचं धान्य भरून झालं होतं. आमच्याकडे तांदळाला कीड लागू नये म्हणून दिवेल, म्हणजे एरंडेल, चोळून ठेवतात. या शहाण्याने त्याच तांदळाची पिशवी सॅकमध्ये कोंबली. आठवड्याभरात ती फाटली आणि दिवेल सॅकच्या कापडात मुरलं. मी सॅक तीनदा धुतली, उन्हात टाकली, वास काही हटला नाही.

"बरं झालं," तो म्हणाला. "आता मलापण कीड लागणार नाही."

रोज सकाळी तो दारात घामाने निथळत उभा राहायचा. मी खूश होते. मग एक दिवस वॉचमनकाकांनी मला थांबवून विचारलं, "बेन, साहेब रोज थेलो लईने लिफ्टमां उपर-नीचे केम करे छे?" म्हणजे हा सॅक घेऊन लिफ्टनेच वर-खाली करत होता, आणि दारातला तो घाम पाण्याच्या बाटलीतला होता. त्यानंतर पंधरा दिवस मी स्वतः त्याच्या मागून जिना चढले.

नियम मी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवले. सगळ्यात मोठ्या अक्षरांत हा: उंचीवर डोकं दुखलं तर लपवायचं नाही, सांगायचं आणि खाली उतरायचं, हट्ट चालणार नाही. त्याखाली त्याची सही घेतली. माझी सही घ्यायचं कुणाला सुचलंच नाही.

डोंगरात तो वरातीत चालल्यासारखा चालला. भेटेल त्या खेचरवाल्याशी गप्पा, त्याला खाखरा, त्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी. एका खेचराने त्याच्या सॅकचा वास घेतला आणि मान फिरवली. मी सारखी ओरडत होते: पाणी पी, टोपी घाल, बोलू नकोस, दम लागेल. त्याला दम लागत नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी खिंड समोर दिसू लागली. तास-दीड तासाचा चढ राहिला होता. माझं डोकं मात्र उठल्यापासून ठणकत होतं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं, आणि नेमकं आज! खिंड हुकली की सगळंच हुकणार होतं. मी दात आवळून चालत राहिले.

तो अचानक थांबला. "तुझं डोकं दुखतंय."

"नाही."

"अर्धा तास झाला, तू मला एकदापण ओरडली नाहीस."

मी ओरडायला तोंड उघडलं आणि वाटेच्या कडेला ओकले.

वाटाड्याने मला लगेच खाली न्यायला सांगितलं. त्याचा सोबती मला घेऊन उतरेल, साहेबांना हवं तर वर यावं, असंही तो म्हणाला.

"तू जा," मी म्हटलं. "निदान तू तरी बघ."

त्याने खिंडीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझी सॅक पोटावर अडकवली, स्वतःची पाठीवर होतीच, आणि म्हणाला, "चाल. फ्रिजवर लिहिलंय."

मी उतरताना रडले. डोकं दुखत होतं म्हणून नव्हे. त्याच्या पाठीमागे चालताना दिवेलाचा वास थेट नाकात शिरत होता.

"जिंकलास," मी म्हटलं. "आता खा आमरस." एरवी टोमणा परत केल्याशिवाय न राहणारा माणूस, पण त्याने मागे वळून पुन्हा एकदा खिंडीकडे पाहिलं.

बडोद्याला आल्यावर मी शब्द पाळला. बूट माळ्यावर टाकले, फ्रिजवरचा कागद काढला. त्याच्या अलकापुरीच्या ऑफिसातल्या लोकांनी विचारलं, तर "मजा आवी" एवढंच तो सांगायचा. मला वाटलं, सुटला बिचारा.

परवा सकाळी दूध आणायला निघाले. तो फिरायला गेलाय असा माझा समज होता. लिफ्ट चौथ्या मजल्यावरून खाली सरकली आणि दिवेलाचा वास आला. मी तिसऱ्यावर बटण दाबलं. जाळीपलीकडे जिन्यात तो कठडा धरून उभा होता, पाठीवर सॅक, शर्ट घामाने चिकटलेला. मी हात पाहिले. बाटली नव्हती.

"लिफ्ट चालू आहे," मी म्हटलं.

त्याला बोलता येत नव्हतं. त्याने तीन बोटं दाखवली, मग दोन. तीन फेऱ्या झाल्या, दोन राहिल्या.

माझा आवाज चांगला मोठा निघाला. "पाणी कुठंय तुझं? आणि तो कठडा सोड आधी!"