हॅलो शीळफाटा, ठाणे बोलतंय

माझ्या बायकोच्या आत्यांइतकं शांतताप्रिय माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात सापडणार नाही, आणि शांततेपायी त्यांनी जेवढ्या लोकांची झोप उडवली तेवढी कुठल्या ढोलपथकानेही उडवली नसेल. आत्या नौपाड्यात एकट्या राहतात. वय बहात्तर, गुडघे त्याहून मोठे. उभी हयात त्यांनी टेलिफोन खात्यात काढली. सुरुवातीची वर्षं तर ट्रंक कॉल जोडण्यात गेली. ‘ठाणे बोलतंय, कल्याण आहात का?’ हे वाक्य त्या काळात त्यांच्या तोंडी इतकं बसलं, की नोकरी संपली तरी सवय सुटली नाही. माणसांना त्या नावाने ओळखतच नाहीत, गावाने ओळखतात. त्यांची धाकटी जाऊ म्हणजे ‘चिपळूण’. मी डोंबिवलीचा, म्हणून लग्नाच्या मांडवापासूनच ‘डोंबिवली’. ‘डोंबिवली, पंगतीला बसा, वरण निवतंय,’ असं त्या भर मांडवात ओरडल्या होत्या, तेव्हा माझ्याबरोबर आणखी चौदाजण उठले होते.

आत्यांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे त्यांना कुठलीही गोष्ट एका ठिकाणी करायला आवडत नाही. माझ्या सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला सगळ्या नातेवाइकांना एकत्र येणं जमेना, तेव्हा आत्यांनी फर्मान काढलं, की ज्याने त्याने आपापल्या घरी बरोबर साडेबाराला श्रीखंडाचा पहिला घास घ्यायचा. साडेबाराला चार गावांतल्या चार घरांत फोन वाजले. चिपळूणने सव्वाबारालाच चाखून बघितलं होतं, हे उघडकीला आल्यावर आत्या चिपळूणशी दोन महिने बोलल्या नाहीत.

गेल्या वर्षी लांबच्या एका देशात युद्ध पेटलं. आपण सगळ्यांनी ते जेवताना पाहिलं. आत्यांनी मात्र टीव्ही बंद केला आणि मला फोन लावला.

‘डोंबिवली, हे थांबायला हवं.’

‘हो ना,’ मी म्हणालो. रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल म्हणतो तसंच.

‘मग रविवारी या. यादी करू.’

यादी तयारच होती. ठाणे, कल्याण, डोंबिवली, मोहने आणि शीळफाटा. पाचही ठिकाणी एकाच दिवशी, एकाच वेळी, पाच ते साडेपाच, हातात फलक घेऊन मुकाट्याने उभं राहायचं. घोषणा नाहीत, भाषण नाही. एकाच जागी मोठी सभा का नको, असं मी विचारलं तर म्हणाल्या, ‘डोंबिवलीचा माणूस रविवारी ठाण्याला येत नाही, आणि ठाण्याचा माणूस डोंबिवलीला सोमवारीसुद्धा जात नाही.’ डोंबिवलीची जबाबदारी त्यांनी माझ्या बायकोला दिली आणि माझी बदली शीळफाट्यावर केली. ‘तिथं तिन्हीकडच्या गाड्या अडकतात. अडकलेला माणूस वाचतो,’ हे त्यामागचं धोरण. त्या दिवसापासून मी ‘शीळफाटा’ झालो. बँकेत माझ्या टेबलावरचा फोन उचलणाऱ्या शिपायानेही एकदा मला ‘साहेब, शीळफाट्याला फोन आहे’ असं सांगितलं.

मग सुरू झाली परवानग्यांची वारेमाप धावपळ. पाच ठिकाणचे पाच अर्ज, आणि गाडीचा चालक मी. पोलीस स्टेशनची पायरी चढताना मी आत्यांच्या मागे राही. चोवीस वर्षांच्या नोकरीत मी साधा संपही केलेला नाही. संपाच्या दिवशी मला ताप येतो. आत्या मात्र पिशवीतून अर्ज काढून, खुर्ची ओढून, माहेरी आल्यासारख्या बसत. एका इन्स्पेक्टरसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला.

‘आजी, संघटना कुठली?’

‘संघटना नाही. आणि आजी नका म्हणू, अर्जदार म्हणा.’

‘बरं. मागणी काय?’

‘थांबवा.’

‘कोणी?’

‘दोघांनीही.’

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ‘अहो, पण युद्ध इथं कुठं चालू आहे?’

‘नाही ना. म्हणून तर इथं उभं राहता येतंय,’ आत्या म्हणाल्या.

साहेबांनी चहा मागवला. परवानगी मिळाली.

फलकांचा घोळ त्याहून मोठा. कल्याणच्या पेंटरने चाळीस फलकांवर ‘युध्द थांबवा’ असं लिहून पाठवलं. आत्यांनी चष्मा लावला आणि चाळीसही परत केले. ‘द ला ध जोडायचा, ध ला द नाही. ज्यांना युद्ध नीट लिहिता येत नाही, त्यांनी ते थांबवायची भाषा करू नये.’ पेंटर म्हणाला, ‘बाई, तिकडं कोण वाचणार आहे मराठी?’ आत्या म्हणाल्या, ‘मी वाचणार आहे.’ पेंटरने पुन्हा लिहिले. मला हे सगळं गमतीचंच वाटत होतं. रिकाम्या घरात बसून कंटाळलेल्या बाईने एक खेळ मांडलाय आणि आपण भाचेजावई म्हणून खेळतोय, एवढाच माझा समज होता.

आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, फोन आला. ‘गाडी काढा. मोहने बोलत नाही.’

मोहने म्हणजे सुमनताई. त्या पूर्वी कल्याणच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या. ठाणे आणि कल्याण अशा दोन टोकांना बसून या दोघी सात वर्षं रोज एकमेकींशी बोलल्या आणि मग पहिल्यांदा भेटल्या, ती मैत्री अजून चालू आहे. गाडी कल्याणच्या पुढे गेल्यावर आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, ‘सुमनचा मुलगा, महेश, युद्ध चाललंय तिकडे आहे. बंदरावर क्रेन चालवतो. अकरा दिवस फोन नाही. कुणाला सांगू नकोस म्हणाली होती, म्हणून मी तुम्हाला सांगितलं नाही.’

मी गाडीचा वेग वाढवला.

जुन्या रेयॉनच्या कारखान्याजवळ सुमनताईंची खोली आहे. दार उघडंच होतं. त्या भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. फोन चार्जिंगला लावलेला, वायर आखूड, आणि फोन हातातून सोडायचा नाही, म्हणून तिथेच. बहुतेक अकरा दिवस तिथेच. आत्या गुडघ्यांवर हात दाबत, कण्हत, त्यांच्या शेजारी खाली बसल्या.

‘अगं, आधी बेल तरी जायची,’ सुमनताई म्हणाल्या. ‘आता बेलपण जात नाही.’

‘हं.’

‘उद्या मी तुझा बोर्ड घेऊन उभी राहिले, तर माझा महेश येणार आहे का?’

‘नाही,’ आत्या म्हणाल्या.

मी दारातच चपलांकडे बघत उभा राहिलो.

‘मग?’

‘मग काही नाही. तू फोनपाशी बस. मोहने रद्द करते मी.’

सुमनताईंनी पदराने फोनची काच पुसली. मग म्हणाल्या, ‘रद्द नको करूस. पण मी येईनच असं धरूही नकोस.’

परतताना आत्या नेहमीपेक्षा हळू बोलत होत्या. ‘आपण उभं राहिल्याने युद्ध थांबतं असं समजायला मी काही वेडी नाही, जावईबापू. पण ती तिथे एकटी बसली होती. तिच्याबरोबर पाच गावं उभी करायची होती मला. तेवढंच काम येतं मला, पहिल्यापासून.’

रविवारी पावणेपाचला मी शीळफाट्यावर उभा होतो. माझं सैन्य म्हणजे बँकेतले चार सहकारी, जवळच्या गावातल्या दोघी बायका आणि रिक्षा बंद पडली म्हणून थांबलेला एक रिक्षावाला. पाचला फोनवर पाची गावं जोडली गेली आणि आत्यांचा आवाज आला, अगदी तरणाताठा. ‘ठाणे बोलतंय. कल्याण?’

‘आहे. बावीस जण.’

‘डोंबिवली?’

‘एकतीस,’ माझी बायको म्हणाली, ‘आणि एक कुत्रा.’

‘शीळफाटा?’

‘आठ,’ मी खालमानेने म्हणालो.

‘पुरे. मोहने?’

फोनवर नुसती खरखर. ‘मोहने?’ आत्यांनी पुन्हा विचारलं, आणि त्यांचा आवाज जरासा फाटला.

‘आहे,’ सुमनताई म्हणाल्या. ‘मी आणि फोन.’

मी इतका मोठा श्वास सोडला, की रिक्षावाल्याने ‘काय झालं साहेब?’ असं विचारलं. तेवढ्यात एक हवालदार आमच्याकडे यायला लागले आणि माझी चोवीस वर्षांची निष्कलंक नोकरी डोळ्यांसमोरून सरकली. ते जवळ आले, फलक वाचला आणि म्हणाले, ‘जरा वर धरा. मागच्या गाडीवाल्यांना दिसत नाही.’ अडकलेल्या ट्रकमधून एका ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. ‘कौन सा युद्ध, भाईसाब?’ मी सांगितलं. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला, ‘मेरा साला उधर है’ म्हणाला आणि रस्ता मोकळा होईपर्यंत आमच्या रांगेत उभा राहिला. सव्वापाचला फोनवर मोहने म्हणालं, ‘आता सहाजणी आहोत.’ साडेपाचला म्हणालं, ‘आख्खी चाळ आली गं. मोजता येईना.’ कुणाला धक्का लागला नाही, कुणाला पकडलं नाही, मी नोकरीतही राहिलो. घरी येऊन मी आणि बायकोने दोन-दोन कप चहा घेतला.

बुधवारी सकाळी बँकेत फोन वाजला. ‘शीळफाटा, महेशचा फोन आला. सुखरूप आहे. तळघरात होता, फोन हरवला होता. पुढच्या आठवड्यात विमानात बसतोय.’

मी खुर्चीत बसलो. ‘आत्या, आपण उभे राहिलो म्हणून—’

‘मूर्खासारखं बोलू नका. त्याला कुणीतरी फोन दिला म्हणून,’ आत्या म्हणाल्या आणि फोन ठेवण्याआधी त्यांनी मोठ्याने नाक शिंकरलं.

महेश आला त्या रविवारी सुमनताईंनी आम्हाला दुपारी जेवायला बोलावलं. तो वाळला होता, पण हसत होता. सुमनताई त्याच्या ताटात वाढतच होत्या, नको म्हटलं तरी वाढत होत्या. आत्यांनी त्याला एकच गोष्ट विचारली. ‘तळघरात तुझ्याबरोबर कोण होतं रे?’

‘तिथलाच एक वॉचमन होता, मावशी. म्हातारा. रोज घरून माझ्यासाठी रोटी घेऊन यायचा. फोनपण त्यानेच मिळवून दिला.’

‘मग तो आला का तुझ्याबरोबर?’

‘तो कुठे येणार? त्याचं घर तिथंच आहे ना.’

आत्यांचा हात ताटावर थांबला. मग त्यांनी उरलेला भात आमटीत कालवला आणि शितही न टाकता संपवला. सुमनताईंचा आनंद त्यांना मोडायचा नव्हता.

गाडीत बसल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, ‘एक तरी घरी आला.’ कल्याण मागे पडायच्या आत त्यांना झोप लागली. मान माझ्या बाजूला कलली होती, तोंड किंचित उघडं होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना झोपलेलं प्रथमच पाहत होतो. ठाण्यापर्यंत मी एकदाही हॉर्न वाजवला नाही.