चावीबरोबर झोपणारा दिवा

नगर ते शेवगाव, तिथून शिर्डी आणि शेवगाववरूनच परत नगर. नकाशावर हा प्रवास किरकोळ दिसतो. माझ्यासाठी तो परीक्षेचा होता, कारण मुलाने, मंदारने, अट घातली होती. "आई, या वेळी एकटी जा. पण तुला आणायला कुणाला यावं लागलं, तर गाडीची चावी माझ्याकडे. पुन्हा वाद नाही." मी हो म्हटलं. चौसष्टाव्या वर्षी माणसाने अटी घालून घेऊ नयेत, पण घेतल्यावर पाळाव्यात.

बेत साधा होता. शेवगावला माझी थोरली बहीण राहते, सुमनअक्का. गुडघ्यांमुळे तिने दोन वर्षं शिर्डी पाहिली नव्हती. तिला घ्यायचं, दर्शन घडवायचं, परतताना तिच्या दारात सोडायचं.

निघण्याआधी गाडीला पुढचा कॅमेरा बसवून घेतला. गेल्या महिन्यात एका टेम्पोवाल्याने माझ्या दाराला घासून वर "आजी, तुमालाच दिसलं न्हाई" असं सुनावलं होतं. यापुढे कॅमेरा बोलेल. अक्काने एक छोटी साईबाबांची मूर्तीही पाठवली होती, पायाशी लाल दिवा असलेली. "दिवा अखंड राहू दे," असा निरोप होता. कॅमेरा बसवणाऱ्याला मी घाईत सांगितलं, "दोन्ही एकाच वायरीत उरका. आणि देवाचा दिवा बंद होता कामा नये." त्याने मान डोलावली आणि सांगितलं तसंच केलं. माझी चूक इथे झाली, ती आधीच सांगून टाकते.

शनिवारी सकाळी सातला निघाले. भिंगार मागे टाकलं, करंजी घाट उतरले, तिसगावला चहा घेतला आणि अमरापूरमार्गे शेवगाव. वाटेत उसाचे ट्रॅक्टर भेटतात, दोन-दोन ट्रॉल्या, मागे लाल पट्टी नाही, पुढे मोठ्याने गाणी. घाई करू नका. ट्रॅक्टरवाला हात दाखवेपर्यंत मागे राहा. दोन तास लागतात.

अक्काने बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा आणि दही समोर ठेवलं. मग बाहेर जाऊन ती गाडीत डोकावली. दिवा जळत होता. "लई झ्याक," ती म्हणाली. रविवारी गाडी अंगणातून हललीच नाही. आम्ही जुन्या गप्पांत दिवस घालवला, आणि दिवा आपला जळत राहिला.

सोमवारी सकाळी सामान भरलं, अक्काला पुढे बसवलं, चावी फिरवली. खट्. एवढाच आवाज आला. पुन्हा फिरवली. या वेळी खट् सुद्धा नाही. मूर्तीचा दिवा काजव्याएवढा मिणमिणला.

"मंद्याला फोन लाव," अक्का म्हणाली.

"नाही."

"मग शिर्डी राहू दे. माझं काय, पुढच्या साली."

"तू गप्प बसून राहा. उतरू नकोस."

एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करणारे गोरख मिस्त्री आहेत, असं अक्काच्या शेजारणीने सांगितलं. पंधरा मिनिटं चालत गेले. पन्नाशीचा माणूस, कानावर पेन्सिल. स्कूटरवर बॅटरी आणि दोन जाड केबली टाकून ते आले. आपली बॅटरी जोडून गाडी चालू केली आणि म्हणाले, "आता बंद करू नका. थोडं चार्ज होऊ द्या." मग बॉनेटमध्ये वाकले.

"ताई, कॅमेऱ्याची वायर थेट बॅटरीला? असा जोड कुनी दिला?"

"नगरच्या माणसाने."

"त्यानं दिला, का तुमी द्यायला लावला?"

मी बी.एस्सी. आहे. प्रात्यक्षिकात सर्किट जोडून पूर्ण गुण घेतलेत. तरी कबूल करावं लागलं. "मीच," म्हणाले.

"दोन दिस आन दोन रात्री हे दोघं बॅटरी पीत बसले. तुमची बॅटरी बी म्हातारी हाय."

"हाय ना," अक्का आतून म्हणाली, "गाडीत सगळंच तसं हाय."

मी म्हटलं, "मला शिकवा. नुसतं करून देऊ नका." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, अर्ध्या तासाने इंजिन बंद करायला लावलं आणि हातात टेस्ट लॅम्प दिला. एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला सुई, सुईच्या मुठीत छोटा दिवा. चिमटा गाडीच्या पत्र्याला लावायचा. स्टिअरिंगखालचं फ्यूजचं झाकण काढून एकेका फ्यूजच्या डोक्यावर सुई टेकवायची. चावी काढलेली असताना मुठीतला दिवा लागला, तर तो फ्यूज आपल्या कामाचा नाही. चावी फिरवल्यावर लागला आणि काढल्यावर विझला, तो आपला.

"एअरबॅगच्या फ्यूजला हात न्हाई लावायचा," त्यांनी बजावलं. चौथ्या प्रयत्नात मोबाईल चार्जिंगच्या सॉकेटचा फ्यूज सापडला. तिथे त्यांनी जोडफ्यूज बसवला: जुना फ्यूज त्यातच राहतो, कॅमेऱ्यासाठी वेगळा छोटा फ्यूज. दुसरी, अर्थिंगची वायर पत्र्यावरच्या बोल्टखाली, तिथला रंग खरवडून.

मग ते थांबले. "कॅमेरा ठीक हाय. पन देवाचा दिवा? त्यो बी चावीवर घिऊ? रात्री विझंल."

मी अक्काकडे पाहिलं. अखंड दिवा तिचा हट्ट होता. थेट बॅटरीवर ठेवा म्हणाली असती, तर मी काय केलं असतं कोण जाणे.

अक्काने पदराने मूर्ती पुसली. "बाबांची रोज शेजारती व्हती. निजवतात त्यास्नी. पहाटं काकड आरतीला उठवतात. आपुन त्यास्नी दोन दिस जागं ठेवलं, म्हनून रुसले." मग मिस्त्रींना म्हणाली, "चावी काढली की झोपू द्या."

सगळे मिळून साडेचारशे रुपये. आपली बॅटरी जोडून गाडी पुन्हा चालू करून देत मिस्त्री म्हणाले, "शिर्डीपातूर मधे बंद करू नका." मी नेवासा, श्रीरामपूरमार्गे न थांबता चालवलं. रसवंत्या दिसत होत्या, अक्का सुस्कारे टाकत होती, मी थांबले नाही.

शिर्डीत ज्येष्ठांची वेगळी रांग आहे, आधार कार्ड जवळ ठेवा, आणि गुरुवार टाळा. अक्का काठी टेकत आत गेली आणि बाहेर आली ती माझ्यापुढे चालत. खरी परीक्षा मंगळवारी सकाळी होती. लॉजच्या आवारात गाडी रात्रभर उभी होती, मूर्ती काळोखात. अक्काने डोळे मिटले. मी चावी फिरवली. एका दमात इंजिन लागलं, आणि बाबांच्या पायाशी लाल दिवा उमलला.

"उठले," अक्का म्हणाली. येताना दोन ग्लास रस घेतला, इंजिन बंद करून.

पुढच्या रविवारी मंदार आला. गाडीभोवती फिरून ओरखडे शोधले, सापडले नाहीत. "कुणाला बोलवावं लागलं का?"

"लागलं. मिस्त्रींना. पण मला आणायला नाही. गाडी मीच आणली." मी त्याला सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. तो गाडीत बसला, चावी फिरवली, कॅमेरा आणि दिवा लागले. चावी काढली, दोन्ही विझले. त्याने हे तीनदा केलं, लहानपणी टॉर्च मिळाल्यावर करायचा तसं.

"मला दाखव ना, कुठला फ्यूज?"

दाखवला. तसाच एक टेस्ट लॅम्प आता माझ्या गाडीत असतो. मग त्याने चावी दाराजवळच्या माझ्या खिळ्याला अडकवली. अक्काचा फोन आला होता, तिला आता पारनेरला भाचीकडे जायचंय. मी म्हटलं, शनिवारी सातला निघते, नऊला तयार राहा.