जगनसाठी पाकोळीचं घरटं

कुडाळ स्टेशनवर उतरलो तेव्हा पिशवीत चार नासपती, खडीसाखर आणि पाकोळीच्या घरट्यांची एक डबी होती. पंचावन्नाव्या वर्षी मित्राची क्षमा मागायला निघालेल्या माणसाने सोबत काय न्यावं, हे कुणी शिकवत नाही. मी गोड नेलं.

डबी सिंगापूरला राहणाऱ्या मुलीने दिलेली. पाकोळी आपल्या लाळेचं घरटं बांधते. तिकडे त्यासाठी मुद्दाम इमारती उभारतात आणि पिल्लं उडाली की घरटी काढतात. ते घरटं भिजवून नासपतीत भरायचं आणि वाफवायचं. चिनी घरांत हे खोकल्यावर देतात. जगनला पावसाळ्यापासून खोकला होता. माझ्यासारख्या भित्र्याला एवढी सबब पुरे.

मालवणच्या एस.टी.त पिशवी वर ठेवली. पहिल्याच वळणावर एक नासपती शेजारच्या बाईंच्या मांडीत पडली.

"ह्यो कच्चो पेरू खंयसून हाडलात?" (कुठून आणलात?)

"नासपती आहे. मित्राच्या औषधाला."

"मगे नीट धरा मां," म्हणत त्यांनी ती पदराला पुसून परत दिली.

आता सांगून टाकतो. तरुणपणी मी आणि जगन वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरून हीच घरटी चोरायचो. तेव्हाही तो गुन्हाच होता. जगन होडी खडकाला बांधून गुहेत चढायचा, मी होडीत बसून राखण करायचो. एका सकाळी वनखात्याची लाँच दिसली. जगन वर होता. मी दोर सोडला आणि पळालो. तो पकडला गेला. एकटाच आलो होतो, गाठ सुटून होडी वाहून गेली, असं त्याने सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. मी पुण्याला जाऊन अत्यंत सचोटीचा कारकून झालो.

जगन खळ्यात (अंगणात) जाळं शिवत बसला होता. "इलंस? वाट चुकलंस काय रे मेल्या?" म्हणाला आणि हसता हसता खोकत सुटला.

त्याची बायको शैलावहिनी, तिच्याकडे मोदकपात्र मागितलं. तिने माझ्या हातातल्या डब्यात डोकावून पाहिलं. "आज सोमार. ह्यां शिवराक (शाकाहारी) मां?"

"पक्ष्याची लाळ आहे," मी म्हटलं. तिने हात मागे घेतला.

"थुकीक हाडां नसतत गो," जगन बाहेरून ओरडला. "शिवराकच ता!"

घरटं मी गाडीतच डब्यात भिजत घातलं होतं. त्याच्या आता मऊ, पारदर्शक शेवया झाल्या होत्या. चिमट्याने त्यांत अडकलेली पिसं वेचायला बसलो. चष्मा पुण्यात राहिला होता, त्यामुळे पिसांपेक्षा शेवयाच जास्त बाहेर आल्या. पहिली नासपती कोरताना तिचा तळच फोडला. दुसरी टिकली. तिच्यात शेवया, खडीसाखर, थोडं पाणी घालून देठाकडची चकती टोपीसारखी वर बसवली आणि पाऊण तास वाफवलं.

जगनने चमचाभर खाल्लं. बराच वेळ तोंडात घोळवलं.

"ह्येच्यासाठी आपण जीव टांगून चढत होतव? ह्येका चव खंय आसा?"

"चव नसतेच."

तो पुढचा चमचा भरत होता. मी म्हटलं, "जगन, गाठ सुटली नव्हती. दोर मी सोडला."

त्याने चमचा तोंडात घातला, गिळला. "म्हायत आसा. गाठ माझी होती. ती आपसूक सुटणा नाय."

दारात वहिनी उभी होती. तिला मात्र माहीत नव्हतं. ती नवऱ्याकडे वळली. "माझ्या बापाशीन तुमका होडयेर घेवक नाय, गाठ मारूक येणा नाय म्हणान. अख्खी वाडी हसली. नि तुम्ही गप ऱ्हवलात?"

हे मला नवीन होतं. मला वाटायचं, त्याचे कोठडीचे दोनच महिने गेले.

"माका सांगान काय उपेग?" जगन किनाऱ्याकडे बोट दाखवत म्हणाला. "थंय जावन सांग."

गेलो. जगन मागोमाग आला. चार-पाच जण होडी वर ओढत होते. मी अर्ज वाचावा तसं शुद्ध भाषेत सगळं सांगितलं. शिव्यांची तयारी ठेवली होती, एखाद्या थपडेचीही. एका म्हाताऱ्याने एवढंच विचारलं, "म्हणजे गाठ बरी होती?"

"उत्तम होती."

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. होडीचा दोर जगनकडे फेकला. "बांध."

जगनने खोकत खोकत बांधला. दोघांनी ओढून पाहिला. माझ्या पश्चात्तापात कुणालाच रस नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना जगन वहिनीला म्हणाला, "गो, तेका काय तरी दी." तिकडे पाहुण्याला कोकमं, खाजं बांधून दिल्याशिवाय पाठवत नाहीत. वहिनी जागची हलली नाही. "पुढच्या वेळेक," म्हणाली.

हात हलवत घरी आलो. बायकोने पिशवी उलटी करून झटकली. "मालवणातून आलात आणि काहीच दिलं नाही?"

"नाही," मी म्हटलं, आणि का दिलं नाही ते लग्नानंतर पहिल्यांदाच तिला सांगायला बसलो.