पुसलेला फळा

चौकातला तो फळा मंडळाचा. त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, महाप्रसादाची वेळ, नाहीतर एखादा सुविचार. जुन्या नाशकात असे फळे चौकाचौकांत असायचे. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत मी एका लहानशा दैनिकात होते आणि रविवारी चौकाच्या दोन्ही बाजूंच्या पोरापोरींना बातमी लिहायला शिकवायचे. एक गल्ली मंडळाची, दुसरी दर्ग्याकडची. फळा आम्ही हट्टाने मागून घेतला. आमची पद्धत एकच: बातमीला दोघांनी जायचं, दोन गल्ल्यांतून एकेक, आणि खाली दोघांनी सही करायची. ऐकीव काही लिहायचं नाही.

गणपतीत एका संध्याकाळी मंडपाची कमान पडली. लगेच बोंब उठली, की दर्ग्याकडच्यांनी दोर कापले. खरं तर पिंपळगावहून कांदा घेऊन आलेला टेम्पो मागे घेताना बांबूला लागला होता. टेम्पो दर्ग्याकडच्या आमच्याच एका मुलीच्या भावाचा. मंडपापाशी माणसं जमली आणि त्यांना तो भाऊ हवा होता. मुलगी खडू घेऊन निघाली, तेव्हा मंडळाच्या गल्लीतला तिचा जोडीदार म्हणाला, "तू नको. तुझ्या भावाचं मी लिहितो. आत्ता तुझं कोणी ऐकायचं नाय."

तो मंडपवाल्याला भेटला, दोर शाबूत असल्याचं त्याने स्वतः पाहिलं. मुलगी भावाशी बोलून आली. मग त्याने लिहिलं: कमान टेम्पोच्या धक्क्याने पडली, दोर कापलेले नाहीत, चालकाने मंडळाला तिथल्या तिथे सांगितलं होतं. खाली दोघांच्या सह्या. लोकांनी वाचलं, काहींनी जाऊन दोर बघितले, कुरकुरले आणि आरतीला गेले. मला त्या पोरांचा इतका अभिमान वाटला, की घरी जाताना मी रस्त्यात एकटीच हसत होते.

सकाळी शांतता समिती बसली. चहा, बिस्किटं, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, सगळे पन्नाशीपुढचे. ठरलं काय, तर खबरदारी म्हणून विसर्जनापर्यंत चौकाचौकांतले सगळे फळे पुसायचे. मी तरातरा तिथे गेले. एक सदस्य बशीत चहा ओतत म्हणाले, "ताई, पोरांच्या हाती खडू देता आणि वर शांततेच्या गप्पा मारता?" आमच्या फळ्यावर काय लिहिलंय, हे त्यांच्यातल्या एकानेही वाचलं नव्हतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. अफवा उठवणाऱ्यांची तोंडं कोण बंद करणार, असं विचारलं, तर म्हणे बैठक संपली.

फळ्यावरून ओलं फडकं फिरलं. दुपारी सायंदैनिकात मथळा आला, 'दोन गटांत तणाव, परिस्थिती नियंत्रणात'. कुठले दोन गट? तिथे येऊन विचारायला यांचे पाय दुखत होते का? कोरा फळा बघून लोक म्हणाले, खोटं होतं म्हणूनच पुसलं. त्याच संध्याकाळी टेम्पो अडवून भावाला मारलं. हात मोडला.

दवाखान्यात त्याच्या खाटेपाशी तो लिहिणारा मुलगा मान खाली घालून उभा होता. मुलीच्या आईने त्याला विचारलं, "बेटा, तूने तो सच लिखा था ना? फिर मिटाया किसने?"

मी सांगितलं, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "शांतता समितीने."