भिंतीआडची आमटी

सई आणि ईशान, तुमचा बाबा सोमवारी आपल्या स्वयंपाकघराची भिंत पाडायला गवंडी पाठवणार होता, त्याचं काय झालं ते आजच लिहिते. "आई, आमच्याकडे बघ, सगळं एकच दालन आहे. तू आत राबतेस आणि बाहेरच्या गप्पा चुकतात तुझ्या," असं त्याचं म्हणणं. मलाही ते पटलं होतं.

आज दुपारी आजोबांचे दोन मित्र अचानक आले. "आता जेवूनच जा!" असं आजोबा मोठ्या उत्साहाने म्हणाले आणि लगेच आत येऊन कुजबुजले, "पुरेल ना गं?"

"आमटीत पाणी घालते. तुम्ही दुसऱ्यांदा भात मागायचा नाही."

"आणि भूक राहिली तर?"

"पोट जड आहे म्हणा."

त्यांनी तसं म्हटलं, पण पहिल्या घासाच्या आधीच. पाहुणे मात्र आमटीची तारीफ करत भात घेत राहिले.

नंतर ओटा पुसताना मी त्या भिंतीकडे पाहत राहिले. तिच्याआड घटकाभर घाबरून घेता येतं, म्हणून तर बाहेर येऊन "अजून वाढू का?" असं मोकळेपणी विचारता येतं. आमची कुजबुज दिसली असती, तर पाहुण्यांनी पहिल्याच भातानंतर हात धुतले असते.

बाबाला फोन करून गवंडी नको म्हणून सांगितलं आहे. भिंत जागेवर आहे, आणि तिच्याआड आजोबा उभ्याउभ्या दडपे पोहे खात आहेत.